फायटोक्रोम: एका डबल बॉन्डवर रोपाला दिवस-रात्र कशी कळते?

हिरवा_कोंब

मागे शेवंतीच्या पॉलीहाऊसमधे फुलणं थांबवायला रात्री दिवे लावतात त्यावरून इथे बरीच चर्चा झाली होती, पण गाडी "झाडाला उजेड कळतो" इथेच अडकली. कळतो म्हणजे कशाला कळतो? कुठला रेणू, त्यात काय हलतं, आणि पाच-दहा मिनिटांच्या लाल उजेडाने झाड फुलायचं कसं थांबतं? मी केमिस्ट्रीवाली. एमएस्सीनंतर काही वर्षं लॅबमधे फायटोक्रोम या उजेड ओळखणाऱ्या रंगद्रव्यावर काम केलं, आता शिकवते. हा विषय मला मनापासून आवडतो आणि मराठीत यावर फारसं सापडत नाही, तेव्हा सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात अमेरिकेतल्या शेतकी खात्यापासून करावी लागेल. 1920 मधे गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी दाखवून दिलं की मेरीलँड मॅमथ नावाचा तंबाखू आणि बिलॉक्सी सोयाबीन कधी फुलणार हे दिवसाच्या लांबीवर ठरतं. पुढे 1938 मधे हॅम्नर आणि बॉनर यांनी झँथियमवर (आपल्याकडे शंकेश्वर म्हणतात, कपड्यांना काटेरी बोंडं चिकटतात ते तण) प्रयोग करून सांगितलं की मोजली जाते ती रात्र, सलग अंधार. मधेच थोडा वेळ उजेड पाडला की लांब रात्रीचा हिशोब मोडतो आणि झाड फुलत नाही.

मग प्रश्न आला की कुठल्या रंगाच्या उजेडाने मोडतो. मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक हा वनस्पतीवाला आणि हेन्ड्रिक्स हा केमिस्ट, त्यांची टीम या मागे लागली आणि 1952 मधे त्यांनी लेट्यूसच्या बियांवरचा तो प्रसिद्ध प्रयोग छापला. ग्रँड रॅपिड्स जातीचं बी, भिजवलेलं, अंधारात ठेवलेलं. मिनिटभर लाल उजेड दिला की साधारण 70 टक्के बी उगवतं. लालच्या मागोमाग फार-रेड दिला, म्हणजे आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसतो असा 730 नॅनोमीटरच्या आसपासचा गडद लाल, की उगवण 6-7 टक्क्यांवर येते. परत लाल दिला की परत सत्तरच्या वर. परत फार-रेड, परत सहा. असं कितीही वेळा आलटून पालटून करा, बी शेवटचा उजेड कुठला होता तेवढंच बघतं!

केमिस्टच्या नजरेने हा निकाल बघा. रंगद्रव्यं दोन असती आणि एकमेकांच्या विरुद्ध काम करत असती तर इतक्या वेळा आलटून पालटून इतकं स्वच्छ उत्तर येणं अवघड होतं. एकच रंगद्रव्य आहे, त्याची दोन रूपं आहेत आणि उजेड त्याला एका रूपातून दुसऱ्यात ढकलतो, हा अंदाज त्यांनी रेणू हातात नसताना, नुसत्या उगवणीच्या आकड्यांवरून बांधला. मला तर ही विसाव्या शतकातली फार सुंदर तर्कबुद्धी वाटते.

रेणू सापडला 1959 मधे, तिथेच. बटलर, नॉरिस, सीगलमन आणि हेन्ड्रिक्स. यातला कार्ल नॉरिस इंजिनियर, शेतमाल न फोडता आतून कसा आहे ते उजेडाने तपासायची यंत्रं बनवणारा. हिरव्या पानात क्लोरोफिल इतकं असतं की त्यात हे द्रव्य शोधणं अशक्य, म्हणून त्यांनी अंधारात उगवलेले मक्याचे फिक्कट कोंब घेतले. लाल उजेड पाडला की त्या कोंबांचं 660 च्या आसपासचं शोषण कमी होतं आणि 730 चं वाढतं, फार-रेड पाडला की उलटं. यंत्राच्या काट्यावर सरळ दिसलं.

मी स्वतः हे काम केलं तेव्हा खोली पूर्ण काळोखी, फक्त एक मंद हिरवा दिवा, कारण हिरव्याला हे रंगद्रव्य सगळ्यात कमी दाद देतं. ट्रेमधे ओटचे कोंब, पांढरट पिवळे, बोटभर. ते थंडगार बफरमधे वाटायचे, गाळायचे, मग प्रोटीन वेगळं काढत काढत जायचं, आणि शेवटी क्युव्हेटमधे (काचेच्या छोट्या नळीत) जे उरतं ते निळं असतं. हो, निळं. लाल शोषून घेतं म्हणून निळं दिसतं. त्यावर लाल उजेड टाकला की निळा जरा हिरवटपणाकडे झुकतो. हा बदल नुसत्या डोळ्यांनी बघता येतो आणि तो बघताना अंगावर काटा येतो, कारण शेतात संध्याकाळी जे चालतं तेच समोर त्या काचेत चाललेलं असतं.

आता मुख्य मुद्दा, रेणू. फायटोक्रोम म्हणजे साधारण 124 किलोडाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं माप) प्रोटीन, दोन-दोनच्या जोडीत राहणारं. प्रोटीनला स्वतःला रंग नसतो. रंग आहे तो त्याला चिकटलेल्या एका छोट्या रेणूला, फायटोक्रोमोबिलिनला. चार पायरोल रिंगा, ए बी सी डी, एका ओळीत. क्लोरोफिलमधे आणि आपल्या रक्तातल्या हीममधेही अशाच चार रिंगा असतात पण तिथे त्यांचं कडं झालेलं असतं, मधे धातू बसलेला असतो. इथे कडं उघडलंय आणि धातू गेलाय. ए रिंग प्रोटीनमधल्या एका सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला पक्की जोडलेली असते आणि हा जोड प्रोटीन स्वतःच करून घेतं, वेगळं एन्झाइम लागत नाही.

सी आणि डी रिंगेमधे एक कार्बनचा पूल आहे, त्यातला पंधरा आणि सोळा नंबरच्या कार्बनमधला डबल बॉन्ड हा या धाग्याचा नायक. लाल फोटॉन शोषला की या बॉन्डमधला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, बॉन्ड क्षणभर ढिला पडतो आणि डी रिंग बिजागरीवर दार फिरावं तशी अर्धा फेरा फिरते. डबल बॉन्डभोवतीच्या या दोन मांडण्यांना झेड आणि ई म्हणतात, म्हणजे झेड रूपाचं ई रूप होतं. फिरण्याला काही पिकोसेकंद (सेकंदाचा लाख कोटीवा भाग) ते काही डझन पिकोसेकंद पुरतात. त्यानंतर आजूबाजूचं प्रोटीन स्वतःला त्याप्रमाणे सावरून घेतं, त्याला मात्र मिलिसेकंद ते सेकंद लागतात. आधीच्या रूपाला पीआर म्हणतात, ते 660 च्या आसपास शोषतं. नंतरच्याला पीएफआर, ते 730 ला. कामाचं रूप म्हणजे पीएफआर. ते पेशीच्या केंद्रकात शिरतं, पीआयएफ नावाच्या प्रोटीनांना धरतं आणि त्यांचा निकाल लावतं. ही पीआयएफ म्हणजे अंधारात रोपाला लांबच लांब वाढवणारी मंडळी, ती गेली की खोड आखडतं, पानं उलगडतात.

अजून एक. लाल उजेड कितीही ओता, सगळं पीआर पीएफआर होत नाही, साधारण 85 टक्क्यांवर थांबतं, कारण पीएफआर पण थोडा लाल शोषतं आणि मागे फिरतं. फार-रेडखाली उलट 3 टक्क्यांच्या आसपास पीएफआर उरतं. म्हणजे रोपाकडे कायम एक प्रमाण असतं, पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असा प्रकार नाही. उघड्या उन्हात लाल आणि फार-रेड जवळपास सारखे, गुणोत्तर 1.2 च्या आसपास. दाट पानांखाली क्लोरोफिल लाल गिळून टाकतं आणि फार-रेड खाली गळतो, तेव्हा हेच गुणोत्तर 0.1-0.2 वर येतं. रोपाला कळतं की डोक्यावर कुणीतरी आहे. मग पळतं उंच.

प्रश्न विचारा, जमेल तेवढं सांगते.

---

रानवेडी

जबरदस्त लेख, वाचनखूण साठवली. एक शंका. आमच्या गॅलरीतली कुंडी खिडकीच्या बाजूला वाकते, फिरवली की आठवड्यात परत वाकते, ते पण याच फायटोक्रोममुळे का?

---

हिरवा_कोंब

नाही, ते काम निळ्या उजेडाचं, त्याला वेगळा रेणू आहे आणि त्याची केमिस्ट्री पण वेगळी. डार्विनने मुलाला बरोबर घेऊन 1880 मधे गवताच्या कोंबावर दाखवलं होतं की उजेड कोंबाच्या टोकाला कळतो आणि वाकतो खालचा भाग. त्यामागचं प्रोटीन हाती यायला 1997 उजाडलं, कॅलिफोर्नियात विन्स्लो ब्रिग्ज यांच्या लॅबमधे. त्याचं आजचं नाव फोटोट्रॉपिन.

यात रंगद्रव्य म्हणजे एफएमएन, बी-टू व्हिटॅमिनचंच एक रूप, राइबोफ्लेविनला फॉस्फेट लागलेलं. पिवळं. अंधारात हे प्रोटीनच्या खोबणीत नुसतं बसलेलं असतं, जोडलेलं नसतं. 450 नॅनोमीटरचा निळा फोटॉन आला की फ्लेविन आधी ट्रिपलेट नावाच्या जास्त ऊर्जेच्या अवस्थेत जातं आणि मग शेजारच्या सिस्टीनचा गंधक त्याच्या एका कार्बनशी थेट बंध करतो. उजेडाने बंध तयार झाला! 450 चं शोषण जातं, 390 ला उरतं. उजेड काढला की काही सेकंद ते काही मिनिटांत तो बंध आपोआप सुटतो आणि सगळं पूर्ववत. फायटोक्रोममधे बंध तोच राहतो पण फिरतो, इथे नवा बंध जुळतो आणि सुटतो.

आणि अतिनील-बी साठी तर वेगळं रंगद्रव्यच नाही. यूव्हीआर8 नावाचं प्रोटीन आहे, 2011 मधे त्याचं काम उलगडलं. त्याच्या स्वतःच्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या रिंगाच अतिनील शोषतात. अंधारात दोन प्रोटीनं एकमेकांना चिकटून असतात, अतिनील पडला की सुटी होतात. पूर्ण प्रोटीनच अँटेना, मला हे फार आवडतं.

---

पिल्लांचा_डॉक्टर

मी नवजात बालकांचा डॉक्टर आहे आणि तुमचा चार रिंगांचा परिच्छेद वाचून खुर्चीतून उठलोच. बिलिरुबिन!! आमच्याकडे बाळाला कावीळ असली की निळ्या दिव्याखाली ठेवतो, 460 ते 490 नॅनोमीटर, डोळ्यांवर पट्टी, फक्त लंगोट, जितकं अंग उघडं तितकं बरं. नातेवाईक घाबरतात, त्यांना सांगतो उजेडाने बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि ते शरीराबाहेर जाऊ शकतं. झेड-झेड चं झेड-ई होतं असं आम्ही पण पाठ केलंय. हे तुमच्या रोपातल्यासारखंच झालं का?

---

हिरवा_कोंब

डॉक्टर, अगदी बरोबर पकडलंत, आणि "सारखंच" यापेक्षा पुढे जाऊन सांगते, बॉन्डचा नंबर पण तोच आहे.

बघा. आपल्या शरीरात जुन्या लाल पेशींमधलं हीम मोडायचं असतं तेव्हा हीम ऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम ते कडं एका ठिकाणी कापतं, तिथला कार्बन कार्बन मोनॉक्साइड होऊन जातो, लोह सुटतं आणि उरतं ते बिलिव्हर्डिन, हिरवं. मुका मार लागल्यावर त्वचेवर काळा-निळा डाग मधेच हिरवट होतो तो याचाच रंग. मग आपण बिलिव्हर्डिनचं पिवळं बिलिरुबिन करतो.

रोपात पहिली पायरी तीच. हीम ऑक्सिजनेज, तोच काप, तेच बिलिव्हर्डिन. तिथून रोप वेगळ्या वाटेने जातं आणि दुसरं एन्झाइम त्याचं फायटोक्रोमोबिलिन बनवतं. हे कसं कळलं ते सांगण्यासारखं आहे. 1980 मधे नेदरलँड्समधे कोर्नीफ यांच्या गटाने मोहरीकुळातल्या अॅराबिडॉप्सिसची अशी रोपं निवडून काढली जी भर उजेडात असूनही अंधारातल्यासारखी लांब वाढत होती. त्यातल्या एचवाय1 नावाच्या रोपात हीम ऑक्सिजनेजच बिघडलेलं होतं आणि एचवाय2 मधे पुढचं एन्झाइम. प्रोटीन जागेवर, पण रंगद्रव्य नाही, त्यामुळे रोपाला उजेडाचा लाल भाग नीट कळतच नाही.

बिलिरुबिनमधे निळा उजेड पडला की सगळ्यात जास्त तयार होणारं रूप 4झेड-15ई, म्हणजे पंधरा-सोळाचाच डबल बॉन्ड फिरतो. बिलिरुबिन एरवी स्वतःच्या आतल्या हायड्रोजन बॉन्डांनी दुमडून बसलेलं असतं, म्हणून पाण्यात विरघळत नाही. ती रिंग फिरली की ते बॉन्ड तुटतात, रेणू उघडतो आणि यकृताला वेगळी प्रक्रिया न करता तो पित्तात टाकता येतो. बाळाच्या त्वचेत आणि लेट्यूसच्या बियात एकच वळण.

रंग वेगळा का, कारण बिलिरुबिनमधे मधल्या पुलावरचा डबल बॉन्ड गेलेला असतो, रेणूचे दोन अर्धे एकमेकांपासून तुटल्यासारखे होतात, म्हणून ते निळा शोषतं. फायटोक्रोमोबिलिनमधे सलग डबल बॉन्डांची साखळी चारही रिंगांतून जाते, म्हणून शोषण लालपर्यंत सरकतं. आणि प्रोटीनने त्याला ताणून सरळ धरलेलं असतं. हाच रेणू नुसता द्रावणात सोडला तर गोल वळतो आणि लाल नीट शोषतच नाही. डी रिंगेवर व्हायनिल गट आहे, त्याऐवजी इथाइल गट असलेला भाऊबंद रेणू प्रोटीनला जोडला तर शोषण दहाएक नॅनोमीटर निळ्याकडे सरकतं. एका डबल बॉन्डची किंमत दहा नॅनोमीटर!

---

पिल्लांचा_डॉक्टर

हे आम्हाला कुणीच असं जोडून शिकवलं नाही. थोडी भर घालतो. फोटोथेरपीची सुरुवात इंग्लंडमधे एसेक्सच्या रॉचफर्ड हॉस्पिटलमधे झाली, तिथली सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात अंगणात न्यायची आणि एका बाळाच्या अंगावरचा उन्हातला भाग फिका आणि झाकलेला भाग पिवळा राहिलेला तिला दिसला. मग क्रेमर आणि सहकाऱ्यांनी 1958 मधे लॅन्सेटमधे छापलं. फिरलेलं रूप पित्तात गेल्यावर परत मूळ रूपात येऊ शकतं, त्यामुळे दिवे बंद केल्यावर बिलिरुबिन जरा वर येऊ शकतं, म्हणून नंतर परत तपासतो. आणि आया-आज्ज्यांसाठी: घरच्या घरी उन्हात ठेवणं हा उपचार नाही, बाळ पिवळं दिसलं तर दाखवायला आणा.

---

कोकणकडा

अप्रतिम चर्चा चाललीये. आमच्याकडे भाताच्या हळव्या, निमगरव्या आणि गरव्या (लवकर, मध्यम आणि उशिरा येणाऱ्या) जाती. जुन्या गरव्या जातीचं वैशिष्ट्य म्हणजे पेरणी पंधरा-वीस दिवस मागेपुढे झाली तरी निसवायला आपल्या ठरलेल्या वेळीच लागायचं, पावसाळा सरताना. आजोबा म्हणायचे भाताला महिना कळतो. हे पण फायटोक्रोमच का?

---

हिरवा_कोंब

हो, आजोबांचं निरीक्षण पक्कं होतं. भात लहान दिवसाचं पीक. आपल्या अक्षांशावर वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि लहान अकराच्या, म्हणजे फरक दोन-सव्वादोन तासांचा, युरोपच्या मानाने काहीच नाही, पण जुन्या जाती तेवढ्यात काम भागवतात. गरव्याला दिवस एका ठराविक लांबीखाली उतरेपर्यंत लोंबी धरायची परवानगीच नसते. भातात फायटोक्रोम तीन प्रकारचे, ए बी सी. त्यांचा निरोप झाडाच्या आतल्या घड्याळाच्या जीन्सपर्यंत जातो, तिथून एचडी3ए नावाचं प्रोटीन पानात तयार होतं आणि पानातून शेंड्याकडे प्रवास करतं. 1937 मधे रशियात चैलाख्यान यांनी फुलोऱ्याचा निरोप पानातून जातो असं म्हटलं होतं, तो निरोप म्हणजे हे प्रोटीन, हे 2007 मधे पक्कं झालं. हळव्या आणि नव्या सुधारित जातींमधे या वाटेवरची एखादी कडी सैल केलेली असते म्हणून त्या दिवसाची फारशी फिकीर करत नाहीत.

---

अभ्यासू_

लेख आवडला पण एका ठिकाणी अडलो. आम्हाला कॉलेजमधे असं शिकवलं की संध्याकाळी पीएफआर भरपूर असतं, रात्रभर ते हळूहळू पीआर होत जातं आणि ते संपलं की झाडाला कळतं रात्र पुरेशी झाली, वाळूच्या घड्याळासारखं. तुम्ही रात्र मोजण्याचा उल्लेख केलात पण हे लिहिलं नाहीत. मुद्दाम का?

---

हिरवा_कोंब

मुद्दाम. कारण ते चित्र दिसायला सुटसुटीत असलं तरी टिकलं नाही. अनेक गाईडांमधे अजून आहे.

पीएफआर अंधारात आपोआप मागे फिरतं हे खरं, ई रूप जरा जास्त ऊर्जेचं आहे, झेड रूप जास्त स्थिर, त्यामुळे फोटॉन न मिळताही डोंगर उतरावा तसं ते घरंगळतं. पण हा वेग तापमानावर खूप अवलंबून असतो. उबदार रात्री भराभर, गार रात्री हळू. आता रात्र मोजायचं घड्याळ असं असतं तर ऑक्टोबर हीटमधे आणि थंडीत झाडाचा हिशोब पार वेगळा आला असता. प्रत्यक्षात निर्णायक रात्रीची लांबी, म्हणजे फुलायला किती लांब रात्र लागते ती, तापमानाने फार थोडी हलते.

दुसरा पुरावा जास्त जोरदार. बिलॉक्सी सोयाबीनला 8 तास उजेड आणि मग सलग 64 तास अंधार दिला, आणि त्या लांब अंधारात वेगवेगळ्या तासाला उजेडाचा झोत दिला. पीएफआर संपण्याचाच हिशोब असता तर पहिल्या काही तासांनंतर झोत कधीही दिला तरी परिणाम सारखा आला असता. आला काय, तर फुलोरा वर-खाली होत राहिला, साधारण 24 तासांच्या लयीत. म्हणजे आत घड्याळ चालू आहे आणि फायटोक्रोम त्याला फक्त सांगतं की या क्षणी उजेड आहे की नाही. घड्याळाच्या नाजूक वेळेला उजेड पडला तरच निकाल बदलतो. जर्मनीत ब्युनिंग यांनी 1936 मधेच हे सुचवलं होतं, बरीच वर्षं फार लोकांनी मनावर घेतलं नाही.

पण ते घरंगळणं वाया जात नाही बरं का. 2016 मधे केंब्रिजच्या आणि ब्यूनोस आयर्सच्या गटांनी एकाच वेळी दाखवलं की फायटोक्रोम-बी चं हे अंधारात मागे फिरणं हाच रोपाचा थर्मामीटर आहे. गरम रात्री पीएफआर लवकर जातं, पीआयएफ मोकळी सुटतात, रोप लांबतं. नर्सरीत उन्हाळ्यात रोपं ढांगळी होतात त्यात सावलीचा भाग असतोच, पण उकाड्याचा संदेश पण याच रेणूतून जातो. उजेड आणि उष्णता दोन्ही एकाच बॉन्डवर वाचली जातात.

---

वेस्टलँडकर

मी नेदरलँड्समधे ग्रीनहाऊस टोमॅटोत काम करतो. इथे एलईडीच्या पट्ट्यांमधे हल्ली फार-रेडची वेगळी वाहिनी असते. दिली की दोन पेऱ्यांमधलं अंतर वाढतं, पानं पसरतात, उजेड खालपर्यंत जातो, आणि फळात जास्त साखर-माल जातो, इथल्या वाखेनिंगन विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. पण भोग पण आहेत, फार-रेड जास्त झाला की करडी बुरशी पटकन पकडते. सावलीत आहोत असं समजून झाड संरक्षणावरचा खर्च कमी करतं असं इथले लोक सांगतात. हिरवा_कोंब यांचा लेख वाचून ते गुणोत्तराचं प्रकरण पहिल्यांदा नीट कळलं, रोज स्क्रीनवर आकडा बघतो पण मागचा रेणू माहीत नव्हता.

---

ज्वारीची_भाकर

सांगोल्याकडे ड्रॅगन फ्रूटवाले हिवाळ्यात बागेत दिवे लावतात, रात्री लांबून जत्रा भरल्यासारखं दिसतं. म्हणजे ते शेवंतीच्या उलट? शेवंतीला दिवे लावले तर फूल थांबतं आणि ड्रॅगनला लावले तर फूल येतं??

---

हिरवा_कोंब

अगदी. रेणू तोच, निरोप तोच, "रात्र लहान आहे". शेवंती लहान दिवसाचं झाड, तिला तो निरोप मिळाला की ती फुलत नाही, शाकीय वाढ चालू ठेवते. ड्रॅगन फ्रूट मोठ्या दिवसाचं, त्याला तोच निरोप मिळाला की कळ्या. व्हिएतनाममधे बिन्ह थुआन भागात (2025 पर्यंत हा वेगळा प्रांत होता) ही पद्धत खूप आधीपासून आहे, आधी साधे पिवळे बल्ब, मग एलईडी. घेताना वॅट बघू नका नुसते, दिव्यात 600 ते 700 चा लाल भाग किती आहे ते विचारा. पांढऱ्या थंड एलईडीत लाल कमी असतो, वॉर्ममधे जास्त. डोळ्याला लख्ख दिसतो म्हणून फायटोक्रोमलाही लख्ख असेलच असं नाही.

---

शेवंतीवाला

मागच्या चर्चेतला तो शेवंतीवाला मीच. माझा प्रश्न असा आहे की आमचं पॉलीहाऊस रस्त्याला लागून आहे, नवीन पांढरे एलईडी खांब लागले आणि तेव्हापासून रस्त्याकडच्या दोन बेडमधे कळी धरायला उशीर होतोय, एकाच बेडमधे काही झाडं फुललेली आणि काही नुसती पानं काढत बसलेली, कापणी एकसारखी येत नाही त्यामुळे मार्केटला माल बांधायची पंचाईत. आतल्या बेडला काही त्रास नाही. तुमचं वाचून डोक्यात आलं की लाल उजेडाचा परिणाम फार-रेडने पुसता येतो तर मग त्या कडेला फार-रेडचे दिवे लावून टाकले तर? ऑनलाइन मिळतात, पण महाग आहेत म्हणून आधी विचारतोय.

---

हिरवा_कोंब

बरं झालं आधी विचारलंत, घेऊ नका.

पुसता येतो ते लगेच दिला तर. पीएफआर तयार झाल्यावर ते केंद्रकात जाऊन काम सुरू करतं, आणि एकदा काम झालं की नंतर फार-रेड टाकून पीएफआर परत पीआर केलं तरी झालेलं काम मागे जात नाही. झँथियममधे ही मुदत अर्ध्या तासाची असते. तुमचा खांब रात्रभर चालू, म्हणजे पीएफआर क्षणाक्षणाला परत तयार होतंय, त्यावर फार-रेड टाकून लढाई चालू राहील, आणि वर सावलीचा निरोप जाऊन दांडे लांबट, कमकुवत होतील.

तुम्ही वर्णन केलंय ते नमुनेदार लक्षण आहे, एकाच बेडमधे अर्धी झाडं फुललेली अर्धी नाही, म्हणजे उजेड अगदी उंबरठ्यावर आहे, एका झाडाला पानांची आड मिळते तर शेजारच्याला नाही. रात्री खांब चालू असताना त्या बेडमधे जा आणि शेंड्याच्या उंचीला लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) धरा, फोनवरचं अॅप अंदाजापुरतं चालेल. रस्त्याकडच्या आणि आतल्या बेडचा आकडा ताडून बघा.

उपाय म्हणजे फक्त रस्त्याकडच्या बाजूला उभा काळा पडदा, दोन थरांचा, खालून मातीत दाबलेला, कारण गळती बहुतेक वेळा खालच्या फटीतून आणि दोन पडद्यांच्या जोडावर असते. आत उभं राहून बघा, कुठून खांबाचा दिवा थेट दिसतोय ते. जिथून तुमच्या डोळ्याला दिवा दिसतो तिथून शेंड्यालाही दिसतोय.

वरून पण काळं कापड ओढत असाल तर वेळ सांभाळा. शेवंतीला सलग 13 तास अंधार दिला की भागतं. बरेच जण संध्याकाळी पाचला ओढून सकाळी सहाला काढतात, सोयीचं पडतं म्हणून, पण एप्रिल-मेमधे पाचला कापड ओढलं की आत भट्टी होते आणि उष्णतेनेच कळी मागे पडते, मग वाटतं उजेड गळतोय. त्या दिवसांत सातला ओढा आणि सकाळी आठला काढा. पडदा लावल्यावर चालू बॅचमधे फार फरक दिसला नाही तरी धीर धरा, जी झाडं आत्ता पानं काढतायत त्यांना तिथून पुढे सलग लांब रात्री मिळाल्या की मगच कळी लागेल, खरा निकाल पुढच्या लागवडीला बघा आणि इथे नक्की कळवा.